बिडी, रुखवत आणि किंमत

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बांबूच्या सुपाला पूर्वीपासून दोन कामं. सुगीत त्यात धान पाखडायचं आणि एरवी तेच सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्या. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, एक कैची, पान कापायला मापाची पत्री आणि दोऱ्याचं रीळ. एवढ्या सामानावर गोंदियाच्या आसपासच्या कितीतरी घरांत चूल पेटत आली. भात शिजतो आहे, पाळण्यातलं लेकरू झोपलं आहे आणि सपरीत बसलेल्या बाईची बोटं पानावर चालली आहेत. घर सांभाळत हातानं काही घडवून चार पैसे मिळवणं या भागाला कुणी नव्यानं शिकवायला नको.

फुलचूर हे गोंदिया शहराला लागूनच असलेलं गाव. शहराची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, म्हणून दोरा-मणी-रंग आणायला आणि तयार माल विकायला सोय. अशा गावातली एखादी गृहिणी आज क्रोशाची तोरणं विणते, बांबूच्या राख्या करते किंवा रुखवताच्या ऑर्डरी घेते, तेव्हा तिच्यापुढे डिझाइनचा प्रश्न क्वचितच असतो. हात तिचे तयार असतात. अडतं ते पुढच्या पायरीवर. समोरचं माणूस विचारतं, ‘केवढ्याला?’ आणि उत्तर देताना तिची जीभ जड होते.

ती का जड होते, हे समजून घ्यायला दोन जुन्या गोष्टी पाहाव्या लागतात. एक बिडीची, दुसरी रुखवताची.

दुसऱ्यानं ठरवलेला दर

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण गोंदियाचं बाजारी नाव त्याच्या कितीतरी आधीचं. धानाच्या गिरण्या, लाख, डिंक आणि तेंदूपत्ता यांवर हे शहर वाढलं. उन्हाळ्यात, साधारण मे महिन्यात, गावंच्या गावं पहाटे जंगलात जातात, पानं तोडून आणतात आणि दुपारी घरी बसून त्यांचे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. म्हातारीपासून शाळकरी मुलापर्यंत सारं घर त्यात असतं. ती पानं व्यापाऱ्याकडे जातात, वाळवून, भरून कारखानदाराकडे पोचतात आणि सट्टेदारामार्फत, म्हणजे ठेकेदारामार्फत, तंबाखूसोबत पुन्हा कुणाच्या तरी सपरीत येतात.

बिडीची मजुरी हजारावर मोजतात. कसलेला हात दिवसभर उठला नाही, तर हजाराच्या आसपास बिड्या होतात. मधे पाणी, स्वयंपाक, मुलांची शाळा आली की आकडा खाली येतो. माल जमा करताना छाट निघते. तुटकी, सैल, आखूड बिडी बाजूला काढली जाते. पान कमी पडलं तर पदरचं घालायचं. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार मानलं, आणि कच्चा माल, छाट व छाटीच्या मजुरीवरून होणारे वाद कुणी मिटवायचे याचीही तरतूद केली. ही मोठीच गोष्ट होती. घरात बसून केलेल्या कामालाही ‘काम’ म्हणावं, यासाठी अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना उभी केली आणि पुढे अनेक वर्षं झगडल्यावर १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारतानं त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

पण कायदा असो वा नसो, बिडीच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुरली: दर बाहेरून येतो. हात आपले, वेळ आपला, घराची जागा आपली, आणि त्याचं मोल मात्र दुसरा कुणी येऊन सांगणार.

ज्याला दरच नव्हता

दुसरी गोष्ट नेमकी उलटी. लग्नाच्या मांडवात मांडलेलं रुखवत आठवून पाहावं. सुपाऱ्यांवर उभी केलेली सप्तपदी, मण्यांची महिरप, क्रोशाचे रुमाल, रंगवलेली शहाळी, साखरेचं तुळशीवृंदावन. एका रुखवतामागे आई, काकू, मावशी, शेजारीण अशा किती जणींच्या किती दुपारी गेलेल्या असतात! संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी केलेले हलव्याचे दागिने तसेच. थंडीतल्या पहाटे मंद शेगडीवर परात ठेवायची, तिळावर किंवा खसखशीवर पाकाचे थेंब सोडत बोटांनी फिरवत राहायचं, तेव्हा कुठे हलव्याला काटा येतो. मग तो एकेक दाणा दोऱ्यात गुंफून हार, बाजूबंद, मुकुट.

या साऱ्याची किंमत कुणी कधी केली नाही, कारण ते विकायचं नव्हतंच. ते मायेनं करायचं आणि चारचौघींनी ‘हात काय सुरेख आहे’ म्हणायचं, एवढा त्याचा व्यवहार. या कामात खरी निर्मिती होती. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी बसेल, महिरपीचा बाक किती ठेवायचा, हे सगळं करणारीच ठरवत होती. बिडीत पैसा होता पण तिथे तिच्या मनाचं काही चालत नव्हतं. रुखवतात सारं मनाचं होतं, पण पैसा नव्हता.

आज घरगुती कलावस्तूंचा व्यवसाय करणारी बाई या दोन्हींच्या मधोमध उभी आहे. तिला मनाचं करायचं आहे आणि त्याचा दरही स्वतःच सांगायचा आहे. आणि मागणी आणणारी पहिली गिऱ्हाईकं बहुधा नात्यातलीच असतात. ‘तुझ्या हाताचंच हवं गं’ म्हणणाऱ्या मावससासूला बिल कसं द्यायचं?

बारा तासांचं तोरण

एक साधं गणित मांडून पाहू. समजा, क्रोशाचं एक दारावरचं तोरण आहे. दोरा १८० रुपयांचा, मणी आणि कड्या ७० रुपयांच्या. विणायला बारा तास लागले. ओळखीत ते ५०० रुपयांना गेलं आणि घरात सगळ्यांना वाटलं, दुप्पट पैसे झाले. सामानाचे २५० वजा केले, तर बारा तासांचे २५० उरतात. तासाला एकवीस रुपयेसुद्धा नाहीत. त्यातून पिशवी, खोका, बाजारात जाण्यायेण्याचं भाडं, दोनदा उसवून पुन्हा विणलेली ओळ आणि फोनवर पाठवलेले वीस फोटो अजून वजा व्हायचे आहेत.

तासाला निदान ५० रुपये धरले आणि वरखर्चाचे ५० जोडले, तर तेच तोरण ९०० रुपयांचं होतं. हा आकडा ऐकून ओळखीची बाई मागे सरते. मग दुकानात ठेवावं म्हटलं तर दुकानदाराला त्याचा वाटा हवा. तो धरला की किंमत आणखी वर.

इथे बहुतेक जणी काय करतात? आपल्या तासांचा दर कमी करतात. कारण सामानाचे पैसे दुकानदाराला द्यावेच लागतात, भाडं चुकवता येत नाही. कमी करता येते ती एकच गोष्ट, स्वतःची मजुरी. बिडीत सट्टेदार जे करत होता ते इथे ती स्वतःच स्वतःशी करते.

यावर अनुभवी कारागीर जे करतात ते साधं आहे, पण त्याला वही लागते. पहिल्या पाच वस्तू करताना घड्याळ लावून वेळ लिहायचा. बारा तासांचं तोरण आठ तासांत होईल अशी नक्षी शोधायची; देखणेपण कुठे टिकतं आणि कुठे उगाच टाके वाढतात हे वेळ लिहिल्याशिवाय कळत नाही. तीन तऱ्हेच्या वस्तू ठेवायच्या: पटकन होणाऱ्या आणि रोज खपणाऱ्या लहान वस्तू, मधल्या, आणि वर्षाला दोन-चारच होणाऱ्या मोठ्या, ज्यांत जीव ओतलेला असतो. नात्यातल्या माणसाला भेट द्यायची तर वस्तू पूर्ण भेट द्यावी; अर्ध्या किमतीत विकू नये. भेट दिल्यावर नातं राहतं आणि भावही राहतो.

वेळ कुठून आणायचा

२०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे पाच तास हस्तकलेची सुई हातात येण्याआधीच गेलेले असतात. उरलेला वेळही सलग मिळत नाही. वीस मिनिटं सकाळी, दुपारी तास-दीड तास, रात्री सगळे निजल्यावर थोडा. विणकाम असल्या तुकड्यांत बसतं, कारण ते कुठेही थांबवता येतं. रंगकाम बसत नाही, कारण कालवलेला रंग वाळतो. घरातून कुठली कला व्यवसायात उतरेल हे पुष्कळदा आवडीपेक्षा या तुकड्यांवर ठरतं.

शिवाय गोंदियासारख्या धानाच्या मुलखात वर्षाचं वेळापत्रक वेगळंच. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाबरोबर पऱ्हे टाकायचे आणि मग रोवणी. रोवणीच्या दिवसांत बाईच्या हाताला शेतात चांगली मजुरी मिळते, त्यामुळे ज्या घरांना शेतीचा आधार घ्यावा लागतो तिथे तेव्हा सुई-दोरा बाजूला पडतो. आणि हस्तकलेचा हंगाम नेमका तेव्हाच दारात येतो. श्रावणात राखी. मग पोळा आणि दुसऱ्या दिवशी विदर्भाचा तान्हा पोळा, लाकडाचे-मातीचे नंदी घेऊन मिरवणाऱ्या पोरांचा. त्यामागे गणपतीची मखरं, भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, नवरात्र, दिवाळीच्या पणत्या आणि आकाशकंदील. कापणी-मळणी आटोपते तेव्हा लग्नसराई लागते, म्हणजे रुखवतं.

राखीचा माल श्रावणात करायला घेतला तर उशीर झालेला असतो. तो उन्हाळ्यातच तयार व्हावा लागतो. म्हणजे उन्हाळ्यात सामानाला घातलेले पैसे ऑगस्टमध्ये परत येतात आणि राखीपौर्णिमा संपली की उरलेली राखी वर्षभर खोक्यात. लहान व्यवसाय बुडतो तो बहुधा इथे. माल वाईट नसतो. पैसा खोक्यात अडकलेला असतो. म्हणून सणाच्या वस्तूंबरोबर वर्षभर चालणारी एखादी तरी वस्तू हवी. बचत गटाचं छोटं कर्ज या मधल्या तीन-चार महिन्यांत खरं कामी येतं. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालं आणि राज्याचं ‘उमेद’ अभियान २०११ पासून गावोगाव गट बांधतं आहे. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातले गट माल घेऊन येतात. नात्यात नसलेलं, ओळख नसलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटतं ते अशाच ठिकाणी, आणि तिथे किंमत सांगताना लाज वाटत नाही.

बांबू कुणाचा

किंमत ठरवायची तर कच्चा माल आपल्या हातात असावा लागतो. ही गोष्ट बांबूनं जितकी शिकवली तितकी दुसऱ्या कशानं नाही. ज्या सुपानं लेखाची सुरुवात झाली ते सूप बुरुडानं विणलेलं. बुरुडकाम हा घरच्या साऱ्यांचा धंदा. एकानं ओला बांबू चिरून कामट्या काढायच्या, त्या तासून पातळ करायच्या, दुसरीनं टोपली, परडी, सूप विणायचं. बांबू ओला हवा. वाळला की तो कारागिराचं ऐकत नाही. आणि ओला बांबू जंगलात.

वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं मात्र त्याला झाडात धरलं आणि तोडणं-वाहणं परवान्यात अडकलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं यातून वाट काढली. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याचं नाव आहे. पुढे एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावाचे म्होरके देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी आपल्या बांबूचा भाव आपण ठरवून दाखवला. २०१७ मध्ये कायदाच बदलला आणि वनाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ राहिला नाही. शेताच्या बांधावर बांबू लावून त्याच्या वस्तू करणाऱ्या घराला त्यामुळे मोकळीक मिळाली.

कच्चा माल आणि कारागिरी एकत्र आली की काय होतं, ते मेळघाटात दिसतं. धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे या जोडप्यानं संसार मांडला आणि त्याच अंगणात संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. कोरकू आणि इतर आदिवासी तरुणांनी इथे बांबूच्या राख्यांपासून घरांपर्यंत सारं शिकून घेतलं. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले, पण त्या दोघांनी घर आणि कार्यशाळा यांच्यामध्ये भिंत न घालता जे उभारलं, ते विदर्भातल्या बांबूकामाचा आधार ठरलं. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. चंद्रपूरच्याच मीनाक्षी वाळके यांनी साध्या घरातून बांबूच्या वस्तू करायला सुरुवात केली, इतर बायकांना शिकवलं आणि त्यांच्या राख्या परदेशापर्यंत पोचल्या. बांबू तोच, बुरुडाच्या सुपाचा. राखीत तो बोटभर लागतो, आणि म्हणूनच किमतीत सामानाचा भाग थोडा आणि हाताचा भाग मोठा होतो.

नाव कुणाचं

विकल्या गेलेल्या वस्तूबरोबर आणखी एक गोष्ट जाते किंवा मागे राहते, ती म्हणजे नाव. पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रांची कहाणी इथे आठवण्यासारखी आहे. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचं काम सवाशिणींचं. रुखवतासारखंच तेही बिनदराचं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोचले, कागद आला, बाजार आला, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरच्या विधीतून स्वतःची चित्रं उभी केली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा थोर होती यात शंका नाही. पण चौक लिहिणाऱ्या त्या असंख्य सवाशिणींची नावं कुठल्याच कॅटलॉगात नाहीत.

घरगुती व्यवसायातही हे रोज घडतं. एखादीनं महिनाभर डोकं लढवून नवी नक्षी बसवलेली असते. फोटो समाजमाध्यमावर टाकला की आठवड्यात तीच नक्षी दुसऱ्याच्या दुकानात. नक्षी कोंडून ठेवता येत नाही. वस्तूच्या मागे आपल्या नावाची लहानशी चिठ्ठी शिवणं मात्र जमतं, आणि पुन्हा त्याच नावाला विचारत येणारं गिऱ्हाईक त्यातूनच तयार होतं.

निर्मितीवर दुसरा ताण मागणीचा. एक तऱ्हा खपली की पन्नास जण तीच मागतात. पन्नासावी महिरप करताना हात चालतो, मन चालत नाही. कमाईची ती बाजू सोडता येत नाही, पण महिन्यातले दोन दिवस, कुणाच्या ऑर्डरीविना, फक्त नवं करून पाहायला राखून ठेवणाऱ्या बायकांचंच काम वर्षानुवर्षं ताजं राहतं. बिघडलेले नमुने हा त्या दोन दिवसांचा खर्च, आणि तो किमतीत धरायचा असतो.

कागद आणि घर

कागदपत्रांची भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि तिला शुल्क नाही. पैसे मागणारा मध्यस्थ टाळावा. वस्तूंची वार्षिक विक्री ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून असे छोटे विक्रेते राज्यांतर्गत ऑनलाइन बाजारातही माल विकू शकतात.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. टोपल्या-चटया विणणारे, कुंभार, सुतार, खेळणी करणारे त्यात येतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख व पुढे दोन लाखांचं कर्ज मिळू शकतं.

घरातला हिशेब मात्र कुठल्या योजनेनं सुटत नाही. व्यवसायाचे पैसे आणि किराण्याचे पैसे एकाच डब्यात पडले, की महिनाअखेर धंदा चालला की नाही हे कळत नाही. वेगळं बँक खातं हा त्यावरचा पहिला उपाय. दुसरा अवघड आहे: घरातल्यांची मदत लिहून ठेवणं. सासूबाई मणी ओवतात, मुलगा पार्सल टाकून येतो, नवरा गोंदियाहून दोरा आणतो. या हातांचा वाटा कसा धरायचा, यासाठी लिज्जतच्या पापडाचं उदाहरण उपयोगी पडतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. पीठ घरी न्यायचं, लाटून आणायचं, वजनावर मजुरी घ्यायची. दिसायला हे बिडीसारखंच. फरक असा की लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण होती आणि नफ्यात तिचा वाटा होता.

घरात हाच वाटा कसा मोजायचा, हा प्रश्न विश्वकर्मा योजनेच्या अर्जाशी येऊन थांबतो. या योजनेत एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंदणी होते. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब. मग नाव कुणाचं लावायचं? हातमागाच्या चौथ्या गणनेत, २०१९-२० मध्ये, देशातल्या विणकर-कामगारांत ७२ टक्के बायका निघाल्या, तरी ‘विणकर’ म्हटलं की डोळ्यांपुढे मागावर बसलेला पुरुषच येतो. बुरुडाच्या घरी कामट्या तो काढतो, सूप ती विणते. दोघांपैकी एकाशिवाय सूप होत नाही. अर्जात मात्र नावाची ओळ एकच असते, आणि ती कुणी भरायची हे त्या दोघांना सपरीत बसून ठरवावं लागतं.